फळीवरचं लाल हेल्मेट

रेइनोच्या गॅरेजात आजवर किती गाड्या आल्या आणि गेल्या, ते खुद्द रेइनोलाही सांगता आलं नसतं. जोक्किस या जुन्या, स्वस्त गाड्यांच्या शर्यतीचा नियमच तसा. शर्यत संपली की तुमची गाडी कुणीही ठरलेल्या किमतीला मागू शकतो, आणि तुम्ही नाही म्हणायचं नाही. म्हणालात तर लायसन्स गेलंच म्हणून समजा. त्यामुळे गाडीवर कुणी पैसा ओतत नाही, आणि शहाणा माणूस जीवही लावत नाही. पण जीव कुठेतरी लावावा लागतोच. रेइनोने तो आपल्या लाल हेल्मेटला लावला. गाड्या परक्यांच्या अंगणात गेल्या, हेल्मेट तेवढं घरी फळीवर राहिलं. बर्फ वितळला की दरवर्षी तो त्याला नवा रंग द्यायचा.

त्याची मुलगी हेली दुधाचा टँकर चालवायची. घसरड्या बर्फावरून तो अवाढव्य टँकर गोठ्याच्या दारापर्यंत उलटा नेणारी बाई ती. आपण शर्यतीत मागे पडू, अशी शंका तिच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. येत्या रविवारी ती पहिल्यांदा उतरणार होती, तीही बापाने खपून उभ्या केलेल्या गाडीतून. बापाची अट एकच होती.

"माझी गाडी, माझं हेल्मेट."

"बाबा, ते माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे."

"म्हणून तर त्याला अक्कल आहे! किती वेळा गाडी उलटली माझी, पण त्याला साधा तडा नाही. माझ्या टाळक्यालाही नाही."

"टाळक्याचं खात्रीने सांगता येत नाही," हेली म्हणाली आणि टँकर घेऊन निघून गेली. वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिला हवं ते ती करून मोकळी व्हायची.

शनिवारी तिने शहरातल्या दुकानदाराला पुरतं पिळून काढलं. त्याने आधी मोटरसायकलचं हेल्मेट पुढे केलं. तिने ते परत सरकवलं. गाडी पेटली तर आतलं अस्तर पेटू नये, असं मोटारशर्यतीचं हवं होतं तिला, आणि तसा शिक्का अस्तराखाली असलेलं. मग त्याने एक चांगलं ऐसपैस दिलं.

"हे बघा, किती आरामशीर आहे."

"आरामच करायचा असता तर उशी नसती का घेतली?"

तिने डोकं गदागदा हलवलं. हेल्मेट जागच्या जागी आणि कपाळ आत फिरतंय. तेही परत. शेवटी एक पांढरं सापडलं. त्यात गाल असे दाबले गेले की तिचा चेहरा पावासारखा फुगला; पण ते हलवलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलत होती. तिने पट्टा आवळला, मान खाली घातली आणि दुकानदाराला म्हणाली, "मागून धरून वर ओढा. जोरात. लाजू नका." तो लाल होईपर्यंत ओढत राहिला. हेल्मेट काही निघालं नाही.

कुठे टोचतंय का ते कळावं म्हणून घरी आल्यावर तिने हेल्मेट घालूनच रात्रीचे बटाटे सोलले. शेजारणीने खिडकीतून ते पाहिलं, आणि रेइनोची पोर बटाट्यांना घाबरते ही बातमी रविवारी तिच्याआधीच मैदानावर पोचली.

मैदान म्हणजे गावाबाहेरची जुनी खडीची खाण. तपासणीला काउको होता, रेइनोचा जुना प्रतिस्पर्धी आणि त्याहून जुना मित्र. रेइनोने छाती काढून लाल हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"काउकोने नाही म्हटलं तर तुझं घाल," तो हेलीला म्हणाला. काउको नाही म्हणणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती.

काउकोने हेल्मेट उलटंपालटं केलं. शिक्क्याचा पत्ताच नव्हता. तो घसा खाकरत राहिला. "रेइनो, अरे... याला मी पास कसं करू?"

"का? तडा दाखव! एक तडा दाखव मला!"

रांगेतली माणसं कॉफीचे कप धरून बघू लागली. हेली पुढे झाली, तिने आतलं जुनं अस्तर उचकटलं आणि बापाचा अंगठा धरून आत दाबला. उजव्या कानामागे, जिथे धक्का शोषणाऱ्या फोमचा पांढरा जाड थर असायला हवा, तिथे खळगा होता. अंगठा त्यात आरामात मावला. रेइनोला आठवलं, खाणीच्या वळणावर गाडी उलटली होती तेव्हा डोकं याच बाजूने आदळलं होतं. त्यानंतर कित्येक उन्हाळे तो हेच घालून पळवत होता. म्हणजे त्या जागी इतकी वर्षं काहीच नव्हतं!

तो हेलीच्या मागे गेला, तिचं पांढरं हेल्मेट मागून धरून त्याने जीव खाऊन वर ओढलं. हेली चवड्यांवर उभी राहिली, पण हेल्मेट जागचं हललं नाही.

"जा," तो म्हणाला.

आणि ती गेली, वाऱ्यासारखी! पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली. शेवटच्या फेरीत खाणीच्या त्याच वळणावर एकाने मागून ठोकलं, गाडी कलंडली आणि दोन कोलांट्या खाऊन चाकं वर करून पडली. रेइनो कुंपण ओलांडून धावला. तो पोचेपर्यंत हेली रांगत बाहेर आली होती आणि ठोकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. डॉक्टरने तपासलं. सगळं ठीक होतं.

तसल्या गाडीलाही गिऱ्हाईक मिळालं. चाकं वर असली म्हणून काय झालं, इंजिन रेइनोचं होतं! ओढून नेली जाणारी गाडी हेली बघत राहिली. या दिवसातलं आता फक्त हेल्मेट तिच्याकडे उरलं होतं. तिने ते छातीशी धरलं.

"बघ बाबा, एक ओरखडा नाही. पुढच्या वेळीही हेच."

रेइनोने तिचा अंगठा धरला आणि अस्तराखाली दाबला. डाव्या बाजूला, गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या पाइपवर आदळलं होतं तिथे, थर बसका लागला. हेलीचा चेहरा पडला.

"नको ना, बाबा. कालच घेतलंय."

"त्याचं काम त्याने केलं, पोरी."

त्याने कमरेचा चाकू काढला. पुन्हा कुणी घालू नये म्हणून आधी लाल हेल्मेटचा पट्टा कापला. मग पांढऱ्याचा. हेलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तसं त्याने तिचं घामेजलेलं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"गाड्या जातात, हेल्मेटं जातात," तो म्हणाला. "हे तेवढं विकायचं नाही. उद्या मीपण येतो दुकानात. तो दुकानदार नीट ओढतो का, बघायचंय मला."

मग दोघं सॉसेजच्या रांगेत जाऊन उभी राहिली.