सोळापासून सुरू होणारा टेप

मी एक जुना पोलादी टेप आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावरचा पहिला आकडा सोळा आहे. एक ते पंधरा माझ्याकडे नाहीत. ते कुणी कापले आणि त्याचं उट्टं मी कसं काढलं, ते ऐका. क्षमेची गोष्ट हवी असेल, तर ती माझ्याकडे नाही.

कारखान्यातून मी अख्खा बाहेर पडलो होतो. माझा पहिला मालक सुतार. चौकट बसवून झाली की मला रुमालाने पुसायचा आणि म्हणायचा, "हा आहे म्हणून माझी दारं कुरकुरत नाहीत." बारा वर्षं मी एकदाही खोटं बोललो नाही. मग सुतार थकला, त्याने हत्यारं विकली आणि मी घरांच्या एका दलालाच्या हाती पडलो. त्याने पहिल्याच आठवड्यात पत्रा कापायच्या कात्रीने माझी पंधरा सेंटिमीटर छाटली आणि टोकाचा हूक पुन्हा ठोकून बसवला. दुखलं त्यापेक्षा लाज जास्त वाटली.

हा दलाल आपल्याच भाषेतला. परदेशात घर घेऊ बघणारी आपली माणसं, हेच त्याचं गिऱ्हाईक. परक्या मुलखात कुणी "काय दादा, जेवलात का?" म्हटलं की माणूस विरघळतोच. तिथल्या जुन्या इमारतींच्या कागदांवर खोल्यांची मापं नसायची, किंमत मात्र क्षेत्रफळावर ठरायची. दलाल हूक भिंतीला टेकवून मुठीत झाकायचा आणि दुसऱ्या टोकाचा आकडा गिऱ्हाइकालाच वाचायला लावायचा. प्रत्येक खोली लांबीला पंधरा, रुंदीला पंधरा सेंटिमीटरने फुगायची. चार खोल्यांत एका न्हाणीघराएवढी हवा विकली जायची.

एका नर्सबाईंचा पलंग त्यांच्या नव्या खोलीत मावेना. "मीच वेंधळी," म्हणत त्यांनी तो करवतीने कापायला घेतला. किल्ल्या द्यायला गेलेल्या दलालाच्या खिशातून मी तो आवाज ऐकत होतो. तेव्हाच ठरवलं, याला सोडायचा नाही.

मग आली एक शिवणकाम करणारी बाई. नवरा बस चालवायचा. गावाकडचं शिवणाचं दुकान विकून दोघं इथे घर घेत होती. घर रस्त्यालगत होतं, म्हणून तिला पहिल्या दिवसापासून पडदे हवे होते. ती स्टुलावर चढू लागली, तर दलाल म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी सांगतो ना माप." आणि सवयीने त्याने मलाच बाहेर काढलं. बाईचा धंदा त्याने विचारलाच नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते असं.

आठवड्याभराने दुपारी सह्या ठरल्या. त्या दिवशी सकाळी घर एकदा शेवटचं बघायला आली तेव्हा बाईने पडदे शिवूनच आणले. लावले, तर ते फरशीवर लोळायला लागले.

"अगं, चुकलीस तू," नवरा हसला. "वय झालं आता."

ती हसली नाही. "सव्वीस वर्षं कापड कापतेय मी. बोटभर चुकेन, दोन बोटं चुकेन. एवढं?" मग दलालाकडे वळून म्हणाली, "दादा, पुन्हा मोजा बघू. मी शेजारी उभी राहते."

त्याला मोजावं लागलं. माप झाल्यावर त्याने बटण दाबून मला झटकन आत ओढायला बघितलं. मित्रांनो, याच घटकेची मी वाट बघत होतो. मी आत गेलो नाही. "जा ना आत, मेल्या!" तो पुटपुटला, हिसके देऊ लागला. मी त्याच्या अंगठ्याला चर्रकन कापलं, त्याच्या हातून निसटलो आणि फरशीवर पसरलो, हूक तिच्या पायाशी.

ती वाकली. पिशवीतून तिने आपला कापडी टेप काढून माझ्याशेजारी ठेवला. त्याचा पहिला आकडा एक, माझा सोळा.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "पेन खिशात ठेवा."

सह्या झाल्या नाहीत. पुढे ती मला घेऊन दलालाने विकलेल्या घराघरांत गेली. त्याच खोल्यांत मी तोच खोटा आकडा दाखवला, आता त्याच्या तोंडावर. नर्सबाईंच्या खोलीत मी सगळ्यात सावकाश उलगडलो. त्याचा परवाना गेला. लोकांची भरपाई करायला शेवटी त्याने राहतं घर विकायला काढलं. मोजणीला घर घेणाऱ्याने बोलावलं कुणाला? घरोघर खरी मापं घेऊन नाव झालेल्या याच बाईला.

दलालाने तिच्या पिशवीत मला पाहिलं. मित्रांनो, तो माझ्याकडे आशेने बघत होता! मी बाहेर आलो असतो, तर त्याचं घर फुगलं असतं.

"वहिनी, यानेच मोजा की," तो हळूच म्हणाला.

"नको दादा," ती कापडी टेप ताणत म्हणाली. "तुमचं घर आहे, नीट मोजू या."

म्हणून सांगतो, वस्तू जपा. कापायची हौस आलीच, तर आधी एवढं बघून घ्या, की पुढे कधी तुम्हाला तिची गरज पडणार नाही. त्याला माझी गरज पडली होती. मी पिशवीतच पडून राहिलो, आणि मला फार बरं वाटलं.