बॅटरीपासून वीतभर

तिनं केबिनच्या फळीचा शेवटचा स्क्रू काढला, फळी मांडीवर घेतली आणि आत टॉर्च मारला. तांबडी वायर भिंतीलगत एका रेषेत गेली होती. दर चार बोटांवर क्लिप, कोपऱ्यात सुबक वळण. कुणाच्याही दिवाणखान्यात शोभावी अशी.

दिवाणखान्यातच. तिनं पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला, त्यावर लिहिलं आणि वायरीला डकवला.

घरची वायर. आत एकच जाड तार. हादऱ्यांनी तुटणार.

"इन्स्पेक्टरबाई, अजून किती उकरणार?" दादानं वरून डोकावून विचारलं. बोट त्याची होती. "अकराला पहिली फेरी आहे. तिकिटं संपलीत."

"फ्यूजचा डबा कुठे बसवलाय बाबांनी?"

"दाराशेजारी. आत आलं की हाताशी."

"आणि बॅटरी?"

"मागे, इंजिनाजवळ."

"म्हणजे मधली पाच मीटर वायर उघडी."

"उघडी कशी? क्लिपा मारल्यात की इतक्या."

ती कोपरांवर रांगत मागे गेली. आधी बॅटरीची तार काढून ठेवली. मग टॉर्च डिझेलच्या टाकीमागे धरला. वायर तिथे पत्र्यातल्या एका भोकातून पलीकडे गेली होती. भोकाला रबर बसवलेलं नव्हतं. दोन आठवडे बोट रिकामी फिरवून पाहत होते, तेवढ्यात पत्र्याच्या धारेनं वायरीची कातडी खाल्ली होती. आतलं तांबं चमकत होतं. नखाएवढं.

दुसरी पट्टी.

इथे काही झालं तर वीज तोडणारं कुणी नाही.

तिसरी पट्टी तिनं फाडली, पण काय लिहावं ते सुचेना. ती बोटांना चिकटून राहिली.

"खाली ये," ती ओरडली. दादा उतरला. तिनं त्याचं मनगट धरून त्याला टाकीपर्यंत ओढलं. "हे बघ. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. हे तांबं पत्र्याला टेकलं की अख्खी बॅटरी या वायरीतून धावणार. वायर शेगडीसारखी लाल होणार, डिझेलच्या टाकीला चिकटून. आणि तुझा डबा दाराशी बसून गंमत बघणार!"

दादानं तांब्याकडे पाहिलंच नाही. त्यानं जिन्याकडे पाहिलं.

"हळू बोल. बाबा वर बसलेत."

तिनं त्याचं मनगट सोडलं.

"तुला माहीत होतं."

"मेकॅनिक म्हणाला होता मागच्या आठवड्यात."

"आणि?"

"आणि काय! चाळीस वर्षं लोकांच्या घरांची वायरिंगं केलेला माणूस. घरी बसल्यापासून पहिल्यांदा रोज दाढी करायला लागला. त्याला सांगू, बाबा, उखडा सगळं? रविवारी ते आत्याकडे जाणार आहेत. तेवढ्यात तू बदलून टाक. त्यांना कळायलाही नको."

"आणि रविवारपर्यंत?"

"इतके दिवस झालं का काही?"

"चाळीस माणसं बसवणार आहेस तू यात! लहान पोरं असतील, म्हाताऱ्या असतील. बाबांचं मन राखायला त्यांना..."

"कुणाचं मन?"

बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे होते. हातात चष्मा. दादानं तिच्याकडे असं पाहिलं, की आता तूच निस्तर.

"बाबा, इकडे या," ती म्हणाली.

ते एकेक गुडघा टेकत आले. तिनं त्यांचं बोट त्या जागेवर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं तांबं चाचपलं, चष्मा लावला, पुन्हा चाचपलं.

"फ्यूज कुठे हवा होता?"

"बॅटरीपासून वीतभर. त्याच्या आतच."

त्यांनी अंगठा बॅटरीवर टेकवला, करंगळी ताणली आणि ती जिथे पोचली तिथे बराच वेळ पाहत राहिले.

"घराबाहेर विजेच्या खांबावर फ्यूज असतो," ते म्हणाले. "माझ्या डब्याच्या आधी. मी कधी त्याचा विचारच केला नाही, तो असायचाच." मग म्हणाले, "इथे खांब नाही."

"बाबा, अहो, एवढं काही..." दादानं सुरुवात केली.

"तुला कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात," दादा म्हणाला.

"काल पाहुण्यांना हात धरून दाखवत होतास. बघा, बाबांचं काम!" बाबांचा आवाज चढला. "मी काय काचेची बरणी आहे? गिऱ्हाईक तोंडावर सांगायचं, मिस्त्री, चुकलं, परत करा. मी करायचो. गिऱ्हाईक द्यायचं तेवढीही किंमत तुम्ही मला देत नाही!"

त्यांनी तिच्या पिशवीतून कटर घेतला. वायरीचा एक तुकडा पाडला. दुसरा पाडला. तिसऱ्याला हात थांबला.

"पोरी, शेजारच्या धक्क्यावरच्या काकांना फोन लाव."

"आत्ता? कशाला?"

"त्यांच्या बोटीचंही मीच केलंय. परवाच झालं."

तिनं फोन लावला. पलीकडे इंजिनाची घरघर होती, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"बोल गं! नदीच्या मध्यावर आहे. तुझे बाबा म्हणजे जादूगार हं. आधी मी नकोच म्हणत होतो, घराचं काम वेगळं, बोटीचं वेगळं. पण त्यांनी तुझा मेसेज दाखवला. 'सुरेख बाबा! एक नंबर!' म्हटलं, बोटींचं काम करणाऱ्या पोरीनं शेरा दिलाय, आता कशाला बघायचं?"

दोन कामांच्या मध्ये, रस्ता ओलांडताना बाबांनी पाठवलेला या कामाचा फोटो आला होता. तिनं तो उघडूनही पाहिला नव्हता. दाराशेजारचा डबा त्यात ठळक दिसत असणार.

"किती माणसं आहेत बोटीत?"

"भरलेली आहे आज," काका खुशीत म्हणाले.

"काका, जवळचा काठ गाठा. माणसं उतरवा, मग बॅटरीची तार काढा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पण असं म्हणतंय कोण?"

बाबा शेजारीच उभे होते. तिनं आवाज खाली केला नाही.

"मीच," ती म्हणाली. "तो मेसेज मी फोटो न बघताच पाठवला होता."