दशरथच्या नावाचं रक्त

नलिनीच्या भावाला आखातात जायचं होतं. दोन वर्षं एसी दुरुस्त करायचे आणि राजासारखं परत यायचं, असं दशरथ अख्ख्या मुलुंडला सांगत फिरत होता. राज्याभिषेकाला आडवी आली ती रक्ताची तपासणी. कावीळ तर बघतातच, आता तो नवा एड्सही बघतात, असं एजंट म्हणाला आणि दशरथचं तोंड एवढंसं झालं.

यातलं नलिनीला काहीच ठाऊक नव्हतं. सहावा महिना होता, खावंसं वाटत होतं म्हणून ती कांदाभजी तळत बसली होती. दशरथ आला आणि न विचारताच ताटलीत हात घातला.

"नापास केलं मला, ताई. रक्तात कावीळ निघाली. बी की काय ती."

"अरे देवा! आणि हे तळलेलं काय खातोस मग?"

"मला काय धाड भरलीय? रक्त भावोजींचं होतं."

नलिनीचा झारा कढईतच राहिला.

अंधेरीच्या त्या लॅबमध्ये नाव पुकारायचे आणि सुई टोचायचे. फोटोशी चेहरा ताडून बघायची कुणाला फुरसत नव्हती. दशरथचं नाव पुकारल्यावर उठला होता तिचा नवरा दत्ताराम. गळ्यात तुळशीची माळ, सुपारीचंही व्यसन नाही. बायकोच्या भावाला नाही म्हणायचं कसं, म्हणून गेला बिचारा.

"आणि तुझं का नाही दिलंस?"

"तसं काही नाही गं. मित्रांबरोबर कधीतरी... तू नको ना विचारू."

तिने विचारलं नाही. शेणात दगड कशाला मारायचा?

"यांना सांगितलंस?"

"कशाला? माणूस ठणठणीत आहे. माझी वाट लागली त्याचं बघ."

तेवढ्यात दत्ताराम कारखान्यातून आला. त्याने चपला काढायच्या आतच नलिनीने सगळं सांगून टाकलं. तो स्टुलावर टेकला.

"म्हणजे माझ्यामुळे तुझी नोकरी गेली रे?"

"जाऊ द्या, भावोजी," दशरथ मोठ्या मनाने म्हणाला. "तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

एकाला लाज नव्हती, दुसऱ्याला अक्कल. माहेरचं एक आणि सासरचं एक, देवाने तिला दोन्हीकडून बरोबर निवडून दिलं होतं.

"हा रक्तातला रोग ना? मग माझ्या पोटात आहे त्याचं काय?"

दोघेही तिच्या पोटाकडे असे बघू लागले, जणू ते आत्ताच कुठूनतरी आलं होतं. नलिनीने स्टोव्ह विझवला आणि दोघांना पुढे घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांचंही रक्त घ्यायला लावलं. "आईच्या रक्तात असेल तर बाळाला जन्मल्या जन्मल्या टोचावं लागेल. औषध आधी मागवायला हवं. वेळेवर कळलं, बरं झालं."

"बघ!" दशरथची छाती फुगली. "माझ्यामुळे कळलं."

"तुम्हीही देऊन टाका," डॉक्टर म्हणाले.

"माझा आज उपास आहे."

ओठांवर भज्यांचं तेल चमकत होतं.

तपासणीत दत्तारामची कावीळ पक्की ठरली. त्याच्यामागे औषधपाणी आणि पथ्य लागलं. नलिनीच्या रक्तात मात्र काही नव्हतं. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा ती तिथल्या बाकावर बसून रडली, आणि दत्ताराम तिला वारा घालत राहिला.

दुसऱ्या दिवशी दशरथ पेढे घेऊन दारात हजर.

"मामामुळे वाचलं पोर! बरं ताई, भावोजींच्या कारखान्यात कुणी आहे का गं, चांगल्या रक्ताचा? एजंट म्हणतो, अजून एकदा बसू शकतो."

तिने त्याच्या तोंडावर दार लावलं.

"अगं, चहा तरी विचार त्याला," आतून दत्ताराम म्हणाला आणि उठून दाराशी आला. दार उघडायला तो तयारच होता. पण कडीवर नलिनीचा हात होता, आणि तो तिने काढला नाही.