मला अजून हिवाळाच वाटत होता

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. बदनापूरजवळच्या एका चॉकी केंद्रात, म्हणजे रेशमाच्या अळ्यांच्या बालवाडीत, भिंतीवर बसून मी खोलीचे तापमान सांभाळतो. या बाळांना सत्तावीस अंश लागतात. फार गरम झाले की ती पाला सोडतात आणि मरतात.

हिवाळाभर माझ्या हाताखाली हीटर होता. हुकूम सोपा होता: खोली गार झाली की चालू कर, तापली की बंद कर. मी कधी चुकलो नाही. मालक देवानंद पाहुण्यांना माझे कौतुक सांगायचा आणि मी मनातून फुगायचो.

होळी झाल्यावर त्याने हीटर काढून त्याच वायरींना कूलर जोडला. मला मात्र कोणी काही सांगितले नाही. दुपारी खोली चौतीसवर गेली, तसा मी हुकमाप्रमाणे कूलर बंद केला. सकाळी चोवीस झाले, तेव्हा तो जोरात सोडला. पाला कापणाऱ्या सगुणाबाई शाल घेऊन बसल्या. देवानंदने मला दोन चापट्या मारल्या, मग लिंबू-मिरची बांधली. मला फार अपमानास्पद वाटले.

दोन दिवसांनी धावडा गावचे शेतकरी अळ्या न्यायला येणार होते आणि अळ्या पाल्याला तोंड लावत नव्हत्या. देवानंद मला भंगारात टाकायला निघाला. तेव्हा दोन दिवस माझ्याकडे बघत बसलेल्या सगुणाबाई म्हणाल्या, "थांब रे. बिघडला असता तर कधी असं, कधी तसं केलं असतं. हा रोज बराबर उलटंच करून राह्यला. ह्याला अजून हिवाळाच वाटून राह्यला."

देवानंदने माझी बटणे दाबून 'हीटिंग'चे 'कूलिंग' केले. तासाभरात खोली गार झाली आणि ट्रेमधून पाला खाण्याची सरसर ऐकू आली. तीन ट्रे मात्र वाचले नाहीत. ते सगुणाबाईंनी बाहेर नेले, तेव्हा मला फार वाईट वाटले.

त्यांनी माझ्या कपाळावर चिठ्ठी लावली: 'हीटर-कूलर बदलला की ह्यालाबी सांगा.'

आता दिवाळी आली आहे. सगुणाबाई लेकीकडे घनसावंगीला गेल्या आहेत. देवानंदने काल कूलर काढून हीटर जोडला आणि चिठ्ठीवर नवे कॅलेंडर टांगले. उद्या नवी बाळे येणार आहेत. आज पहाटे एकोणीस अंश होते आणि मी 'कूलिंग'च्या हुकमाप्रमाणे हीटर बंद ठेवला.

मित्रांनो, आम्हाला उलट बोलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी आज बदनापूरला येत असेल, तर तेवढे कॅलेंडर जरा बाजूला करा.