मुळाला नाव सांगावं लागतं

आकातच्या घरात औषधाचं मूळ खणायची एक रीत होती. डोंगरावर दिसेल त्या पहिल्या झाडाला हात लावायचा नाही. त्याच्यापुढं चिमूटभर तंबाखू ठेवायची, उकिडवं बसायचं आणि सांगायचं, अमक्यासाठी न्यायला आलोय, त्याला अमकं दुखतंय. मग पुढच्या झाडाशी काठी रोवायची. आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्याच पोटात ते मूळ जायला हवं. दुसऱ्याला दिलं तर झाडं तोंड लपवतात, असं आकातची आई म्हणायची. आकातचे स्वतःचे केस आता पांढरे झाले होते, पण हे तिनं कधी मोडलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात काहनवाके गावातल्या बाकीच्या घरांनी मात्र मोडलं. गावातल्या मोहॉक लोकांनी आजवर बीव्हरची कातडी विकली होती, मोकासिन म्हणजे कातड्याचे जोडे विकले होते, वेताच्या टोपल्या विकल्या होत्या. मूळ कधी कुणी विकलं नव्हतं. ते आजाऱ्याचं. मग नदीपलीकडच्या मॉन्ट्रियलहून मेनार शेठ होडीनं आला आणि गावाच्या मधोमध उभं राहून ओरडला, "मूळ आणा! ओलं आणा, सुकं आणा, करंगळीएवढं असलं तरी आणा. चीनमध्ये सोन्यासारखं जातंय!"

चीन म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. सोनं काय ते सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मक्याच्या शेतात चिटपाखरू नव्हतं. तण मक्याच्या डोक्यावर चढलं आणि डोंगर रानडुकरांनी उकरावे तसे उकरले गेले.

एक उतार तेवढा शाबूत होता. उत्तरेकडचा, दाट मेपलच्या सावलीतला, आकातच्या घरातल्या बायकांचा. गावात जमीन बायकांची, घर बायकांचं. नवरा लग्न करून बायकोच्या घरी राहायला येतो आणि सासू म्हणेल तसं वागतो, निदान तोंडावर तरी. आकातचा जावई अतोनवा असाच आलेला. अंगानं रेड्यासारखा, डोक्यानं धंदेवाईक. फ्रेंच शिपायांची नजर चुकवून आल्बनीच्या इंग्रजांना कातडी पोचवण्यात त्याची हयात गेली होती. पाठीवरच्या ओझ्यानं कंबर मोडते, आणि इथं उशाशी हलकंफुलकं मूळ पडलंय, हे त्याला झोपू देईना.

"सासूबाई, उद्या वरच्या उतारावर जातो म्हणतो."

"जा की. येताना लाकडं आण."

"लाकडांसाठी नाही हो. मुळांसाठी."

"फळं हिरवी आहेत अजून. लाल होऊन बी पडलं की मग खणायचं. आत्ता उपटलंस तर पुढच्या वर्षी तिथं माती चाटशील."

"शेठला हिरवी चालतात. फळं लाल होईस्तोवर जहाज निघून जातं."

आकात मोकासिनला टाका घालत होती. तिनं मान वर केली नाही. "बरं. झाडाला काय सांगणार? कुणासाठी नेतोयस?"

अतोनवाची एवढी तयारी नव्हती. "चिनी माणसासाठी."

"नाव काय त्याचं?"

"आता त्याचं नाव मला काय माहीत!"

"मग विचारून ये."

कोपऱ्यात सेसिर, त्याची बायको, उखळात मका कांडत होती. पानगळीत ती बाळंत व्हायची होती. ती फिदीफिदी हसली. "जा रे, विचारून ये. आई सोडायची नाही आता."

अतोनवा दुसऱ्या दिवशी नाव घेऊनच आला. छाती काढून म्हणाला, "तोतो. चिनी माणसाचं नाव तोतो."

"काय होतंय तोतोला?"

"गुडघा धरलाय."

"घरी कोण असतं?"

"दोन बायका आहेत."

"दोन बायका असून नुसता गुडघाच दुखतो?" आकातची बहीण पलीकडून ओरडली, आणि त्या लांबलचक घराच्या पाचही चुलींवरून हसण्याचा गदारोळ उठला. अतोनवा पाय आपटत बाहेर गेला.

हसणं सरलं आणि आकातच्याच डोक्यात किडा शिरला. जावयाला अडवायला म्हणून विचारलेला प्रश्न आता तिला झोपू देईना. खरंच, खातंय कोण हे? बाळंतीण उठून बसावी म्हणून आपण बोटभर मूळ उकळतो. तापानं खंगलेल्याला आणखी बोटभर. आणि इथून होड्या भरून पोती चाललीत. असा कुठला देश आहे जिथं सगळेच अंथरुणाला खिळलेत? का ते भाजी करून खातात? नाव कळलं तर आपणही चार मुळं खणून देऊ की, आपल्याला आजाऱ्याचं वावडं थोडंच आहे! पण नाव कळल्याशिवाय उताराला काठी लागणार नाही.

तिनं मोकासिनची टोपली उचलली आणि ती मॉन्ट्रियलला गेली.

आधी पाद्रीबाबा भेटले. ते म्हणाले, "चीनचा राजा खातो. म्हातारपण येऊ नये म्हणून."

"एकटा? एवढं सगळं?"

"आकात, देवावर विश्वास ठेव."

"देवावर ठेवतेच हो बाबा. मी पोत्यांचं विचारतेय."

मग मेनार शेठ. तो गोदामाच्या दारात घाम पुसत उभा होता. "मी कशाला बघू कोण खातं ते? मी कंपनीच्या माणसाला देतो. माझं काम तिथं संपलं."

कंपनीचा माणूस नाकाला रुमाल लावून बसला होता. तो म्हणाला, आम्ही फ्रान्सच्या बंदरात उतरवतो, तिथून पुढचं जहाज वेगळं, पुढचे लोक वेगळे. आणि ही बाई आत आलीच कशी?

अशी ती धंद्याची साखळी. प्रत्येकाला फक्त दोन हात ठाऊक, ज्याच्याकडून घेतलं तो आणि ज्याला दिलं तो. यांनी अर्धी पृथ्वी नकाशावर काढली, राजांची नावं नद्यांना दिली, आणि आपला माल कुणाच्या तोंडात पडतो हे यातल्या एकाही शहाण्याला सांगता येईना. लाजही वाटेना. उलट विचारणारीच खुळी ठरली.

शेवटी गुत्त्याच्या पायरीवर गेनोले सापडला. फ्रान्सच्या किनाऱ्याकडचा ब्रेटन खलाशी, एका पायानं लंगडा, म्हणून जहाजानं मागं टाकलेला. तो चीनच्या कँटन बंदरात दोनदा जाऊन आला होता. आकातनं टोपलीतला सगळ्यात चांगला जोड त्याच्यापुढं ठेवला.

"चांगल्या पायापुरता एकच दे," गेनोले म्हणाला, "दुसरा वाया जाईल." मग दोन्ही उचलून घेतले. "विचार बाई."

"मूळ खातं कोण?"

"ते घराघरात कोण खातं मला नाही ठाऊक. आम्हाला गावात सोडतच नव्हते. नदीकाठची गोदामं, तेवढ्यात राहा, म्हणायचे. पण एक म्हातारा यायचा. औषधवाला. बोटांची नखं ही एवढी, डोळे घारीसारखे. आमचे लोक पोतं ओतायचे, तर हा बसून एकेक मूळ उचलणार. मुळाच्या मानेवरच्या वळ्या बघणार. मोडणार. वास घेणार. जिभेवर ठेवून डोळे मिटून बसणार. आमचा कप्तान नुसता दात खायचा. आणि मग दुभाष्याकडून विचारणार..."

"काय विचारणार?"

"हे डोंगराच्या कुठल्या अंगाचं? उन्हाचं की सावलीचं? फळ लाल झालेलं होतं का? खणलं कुणी?"

"खणलं कुणी, असं विचारलं?"

"दर पोत्याला. डोकं उठवलं म्हाताऱ्यानं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"कप्तान म्हणाला, दे काहीतरी ठोकून. मी म्हटलं, उन्हातलं आहे, कडकडीत उन्हातलं."

"गाढवा! उन्हात जगतं का ते?"

"म्हाताऱ्यालाही तसंच वाटलं असावं. खो खो हसला आणि पोतं पायानं सारलं."

"नाव काय त्याचं?"

"नाही विचारलं."

"दोनदा गेलास. रोज तो तुझ्यासमोर बसत होता. आणि नाव नाही विचारलंस?"

"त्यानं तरी माझं कुठं विचारलं?" गेनोले म्हणाला, पण जरा ओशाळून. नवे मोकासिन त्यानं पाठीमागं सरकवले, परत मागेल की काय म्हणून.

आकात नदीकडं निघाली. इतक्या पाण्यापलीकडं एक म्हातारा बसलाय आणि तिनं झाडापाशी बसून जे सांगितलं असतं तेच तो विचारतोय. मधल्या माणसांना दोघांचंही ओझं झालंय. त्याचं दुकान कसं असेल? त्याचं औषध घ्यायला कोण येत असेल? त्याची सून बाळंत झाली तर तो किती बोटं मूळ उकळत असेल?

एवढ्यात तिला वास आला. ओळखीचा, पण करपलेला. ती वासामागं गेली. पावाची भट्टी होती, आणि भट्टीवाला झटपट वाळवायला फावड्यानं मुळं आत सारत होता, पाव सारावा तशी. बाहेर काढलेल्यांचा ढीग पडला होता. तिनं एक उचलून चावलं. साल लाकडासारखी कडक, आत कच्चा, पिवळा चिकट लगदा. तिच्या घरात हे मूळ छपराखालच्या सावलीत आठवडेच्या आठवडे वाळत पडून असायचं, धूरसुद्धा लागू द्यायचे नाहीत.

मेनार शेठ भट्टीवाल्यावर ओरडायलाच आला होता, आटप म्हणून.

"शेठ, हे परत येईल," आकात म्हणाली.

"येऊन येऊन येणार कुठून, बाई? मधे समुद्र आहे!"

"तो म्हातारा मोडून बघतो."

"कोण म्हातारा?"

तिनं सांगितलं. मेनार शेठ ऐकता ऐकता हसला आणि तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "तुझा जावई येणार होता की पोतं घेऊन. त्याला म्हणावं, लवकर ये. माझं काम जहाजापर्यंत. पुढं म्हातारा बघेल नाहीतर त्याचा बाप बघेल."

आकातनं खांदा झटकला आणि धावतच होडी गाठली.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अतोनवा दारातून आत शिरत होता. पाठीवर पोतं. भरलेलं. गुडघ्यांना काळी माती, उत्तरेकडच्या उताराचीच, दुसरीकडं तसली माती नव्हती.

कांडणाऱ्या सेसिरचं मुसळ थांबलं.

"किती उरलंय?" आकातनं विचारलं.

"वरचा अर्धा आहे." तो पोत्याच्या दोरीशी चाळा करत राहिला. "सासूबाई, आपण नाही खणलं तर दुसरा कुणी रात्रीत नेईल. मी घरासाठीच केलं."

"झाडाला काय सांगितलंस?"

इथं खोटं बोलता आलं असतं. बीव्हरच्या कातड्यांबद्दल तो शिपायांशी, पाद्रीबाबांशी, खुद्द गव्हर्नरच्या माणसाशी खोटं बोलला होता. पण झाडाशी काय बोललो हे सासूला खोटं सांगायचं, एवढी त्याची छाती नव्हती.

"तंबाखू ठेवली. बसलो. तोतोसाठी म्हणायला गेलो, तर जीभच वळेना. झाड बघत होतं हो माझ्याकडं. डास फोडून काढत होते. मग... जे नाव तोंडात आलं ते सांगून टाकलं."

"कुणाचं?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. "सेसिरचं."

"आणि दुखणं?"

"बाळंतपण."

सेसिरनं मुसळ भिंतीला टेकवलं. पोट सावरत आली आणि नवऱ्याच्या पाठीवरून पोतं ओढून घेतलं. "मग हे माझं."

"अगं, ते आपलं नुसतं म्हणायला..."

"नुसतं? झाडाला नुसतं म्हणालास?"

"एवढं पोतंभर तू खाणार?"

"का नाही? सात बाळंतपणं तरी निघतील."

"सात?" अतोनवाचा आवाज चिरकला.

"तूच नाव देऊन आलास ना? आता मोज."

यावेळी कुणी मोठ्यानं हसलं नाही, कारण आकातकडं बघून हसायची हिंमत नव्हती. अर्धा उतार गेला होता. तिच्या आईनं, आईच्या आईनं राखलेला, आणि तो बोडका करायला या माणसाला एक दिवस पुरला. तिला वाटलं, याचं अंथरूण उचलून दाराबाहेर फेकावं. सासूला तो हक्क होता आणि घरातली कुणीच तिला अडवणार नव्हती. तिनं अंथरुणाकडं पाहिलं, लेकीच्या पोटाकडं पाहिलं.

"उद्यापासून तू वर राहायचं," ती म्हणाली. "उरलेला अर्धा राखायचा. कुणी काठी घेऊन आलं तर त्याला तुझी काठी दाखवायची. फळं लाल झाली की बी काढायचं आणि खालच्या अर्ध्यात एकेक बोटानं दाबायचं. वाकून."

"उगवेल कधी?"

"बी दोन हिवाळे निजून असतं. खणण्याजोगं झालं की तुझी पोर सांगेल तुला."

बायकांनी पोतं ओतलं आणि मुळं झाडाच्या सालींवर पसरून छपराखाली चढवली. कोवळी होती बिचारी, पण सावली मिळाली.

काही दिवसांनी मेनार शेठ स्वतःच आला. पोत्यासाठी. सेसिरनं दारातच सांगितलं, विकायचं नाही. त्यानं लाल घोंगडी काढली. नाही. तांब्याची नवी कोरी किटली काढली. सेसिरनं ती वाजवून बघितली, आवाज चांगला आहे म्हणाली आणि परत दिली. शेठ वैतागला. त्याच्या हिशोबात घोंगडीपाशीच सौदा संपत असे.

"अरे, पण तुम्ही करता तरी काय याचं?" तो म्हणाला, आणि आपण हे कधी विचारलंच नव्हतं हे त्याच्या त्यालाच जाणवलं असावं, कारण तो मधेच थांबला.

आकात चुलीपाशी होती. "शेठ, चाखलंयस कधी?"

"मी कशाला चाखू?"

"बस."

सालींवरचं अजून वाळायचं होतं. तिनं गेल्या पानगळीतलं जुनं मूळ काढलं, पातळ चकत्या केल्या, उकळलं, आणि लाकडी वाटी त्याच्या हातात दिली. मेनार शेठनं घोट घेतला आणि त्याचं सगळं तोंड एका जागी गोळा झालं.

"कडू!"

"गिळ. मग थांबायचं."

"कशाला?"

"थांब म्हटलं ना."

तो थांबला. जीभ टाळूवरून फिरवली. पुन्हा फिरवली. कडूमागून गोडी येत होती, तशा भुवया हळूहळू वर गेल्या. खालून होडीवाल्यानं हाक मारली, धार वाढतेय म्हणून. शेठनं तिकडं न बघताच हात वर केला आणि दुसरा घोट घेतला, या खेपेला लहान.

"फळं लाल कधी होतात?" त्यानं विचारलं.

आकातनं सांगितलं.

"तोवर जहाज गेलेलं असतं."

"मग जाऊ दे त्याला," आकात म्हणाली.

होडीवाला पुन्हा ओरडला. मेनार शेठ वाटी दोन्ही हातांत धरून चुलीपाशी बसून राहिला.