एकोणिसाव्या फेरीनंतर

नेझू क्योहेई आधी मोजायचा, मग बोलायचा. टेबलावर राखाडी कापड, वर एक दिवा, समोर कॅमेरा आणि हातात त्या महिन्याचा नवा रोबो. रोबोचं विमान करायचं, विमानाचा परत रोबो करायचा, ही झाली एक फेरी. अशा पन्नास फेऱ्या झाल्या की मगच तोंड उघडायचं. व्हिडिओवर खेळण्यांचं परीक्षण करणारे बाकीचे लोक खोकं फोडल्याफोडल्या किंचाळत आणि तिसऱ्या मिनिटाला 'घ्याच!' म्हणून मोकळे होत. नेझूकडे तो तमाशा नव्हता. बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, चारचौघांत बोलायला लाजणारा माणूस. पण या धंद्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. नेझूच्या टेबलावर टिकलं ते घरी टिकतं, असं टोकियोच्या अकिहाबारा बाजारातले दुकानदारही म्हणत.

हे वजन त्याने एका दुपारी घालवलं, आणि तेही प्रेमापोटी.

मे महिन्यात त्याच्याकडे त्सुबामेचा नमुना आला. त्सुबामे म्हणजे पाकोळी. चाळीस वर्षांपूर्वी दर शनिवारी टीव्हीवर लागणाऱ्या मालिकेतला हा तांबडा रोबो. संकट आलं की हात पाठीमागे दुमडून विमान व्हायचा. त्या वेळचं खेळणं हातोरी सेइगो यांनी घडवलं होतं. नेझूला या नादाला लावलं ते त्याच खेळण्याने, म्हणून तो हातोरींना मास्तर म्हणायचा. आता नवी त्सुबामेही मास्तरांचीच. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने जन्मभर रोबो घडवले, पण खोक्यावर नाव कायम कंपनीचं. घडवणाऱ्याचं नाव छापायची रीतच नाही. या खेपेला मात्र कंपनीने कबूल केलं होतं, की खोक्याच्या बाजूला, बारीक अक्षरांत का होईना, 'रचना: हातोरी सेइगो' असं येईल.

नमुन्यासोबत मास्तरांची चिठ्ठी होती. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे अक्षर उतरणीला लागलेलं. 'नेझू, हे माझं शेवटचं. नेहमीसारखं बघ. साचे अजून पक्के व्हायचे आहेत.'

नेझूने कॅमेरा लावला आणि मोजायला सुरुवात केली. काय खेळणं होतं ते! कमरेत वाकवलं की छाती आपोआप उघडायची, डोकं आत जायचं, पाय दुमडून शेपूट व्हायची. एकही तुकडा काढून बाजूला ठेवावा लागत नव्हता. बाराव्या फेरीला नेझूच्या डोळ्यांत पाणी आलं. एकोणिसाव्या फेरीला डावा खांदा मागे नेताना त्याचा अंगठा थबकला. सांध्यातल्या खिळीवर केसाएवढी पांढरी रेघ आली होती.

प्लास्टिकला पांढरी रेघ आली म्हणजे काय, हे नेझूला कुणी सांगायला नको होतं. खीळ आतून फाटायला लागली होती. आणखी दहा-पंधरा फेऱ्या, की हात खांद्यातून गळून पडणार.

नेहमीचा नेझू तिथेच थांबून म्हणाला असता, 'डावा खांदा, एकोणीस.' पण त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. आमच्याकडे जपानात हीच तर खोड आहे. माणूस बोलतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो काय बोलला नाही ते ओळखायचं. भेट नको म्हणाला तर तिसऱ्यांदा पुढे करायची. आजारी माणूस बरा आहे म्हणाला तर उठून त्याची उशी सारखी करायची. हे ज्याला जमत नाही तो अडाणी. नेझू अडाणी नव्हता. 'हे माझं शेवटचं' वाचून त्याने ठरवून टाकलं, की मास्तर हात जोडताहेत. नेहमीसारखं बघ म्हणजे या वेळेला जरा सांभाळून घे. नाहीतर म्हातारा असं लिहील कशाला?

नमुनाच आहे, विक्रीचा माल चांगला येईल, असंही त्याने मनाला समजावलं. मग खेळण्याची उजवी बाजू कॅमेऱ्याकडे वळवली. डाव्या हाताला बोट न लावता पाय दुमडले, पंख उघडले, मिटले, आणि तोंडाने आकडे म्हणत राहिला. वीस. एकवीस. पन्नासाला त्याने मान झुकवली आणि म्हणाला, "पन्नास फेऱ्या झाल्या. सांधे पहिल्या फेरीसारखेच घट्ट."

कंपनीने हे वाक्य खोक्याभोवतीच्या कागदी पट्ट्यावर त्याच्या नावासकट छापलं.

नोव्हेंबरात त्सुबामे बाजारात आली. आठवड्याच्या आत लोकांनी फोटो टाकायला सुरुवात केली. मोडलेला डावा हात, आणि त्याच्याखाली मुद्दाम सरळ करून ठेवलेला तो कागदी पट्टा. कुणी लिहिलं, 'माझा सव्वीसला गेला, नेझूंचं गणित कुठल्या शाळेतलं?' कंपनीने माल परत मागवला आणि लेखी माफी मागितली. त्या माफीत दोष कुणाचा ते नव्हतं, पण 'ज्येष्ठ रचनाकाराच्या जुन्या पद्धतीमुळे' असे शब्द होते. ज्याला कळायचं त्याला कळलं.

नेझू चांगल्या दुकानातलं योकान मिठाईचं खोकं घेऊन तातेइशीला मास्तरांच्या घरी गेला. माफी मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं? अंगणात पर्सिमॉनची फळं सोलून दोरीला वाळत टांगलेली. मास्तरांच्या पत्नीने, फुसाए काकूंनी, दार उघडलं आणि खोकं हातात न घेताच म्हणाल्या, "गोड नको, नेझू-सान. यांना बाधतं. तुमचं गोड बोलणं बाधलंच की."

मास्तर उशाला टेकून बसले होते. डावा हात मांडीवर तसाच पडलेला. नेझूने चटईला कपाळ टेकवलं.

"उठ," मास्तर म्हणाले. "अठरा फेऱ्या सुरेख केल्यास. एकोणिसाव्याला अंगठा थांबला. रेघ दिसली ना?"

"दिसली."

"त्यानंतर एकतीस वेळा डावा खांदा कॅमेऱ्यात नाही. मी आंधळा नाही झालो, नुसता लुळा झालोय."

"मास्तर, तुमची तब्येत, त्यात शेवटचं काम... मला वाटलं तुम्हाला—"

"चिठ्ठीत काय लिहिलं होतं मी?"

"नेहमीसारखं बघ."

"मग त्यात न कळण्यासारखं काय होतं रे?"

नेझूने पुन्हा कपाळ टेकवलं.

"तो कंपनीतला इमाझेकी," मास्तर म्हणाले, "सहा महिने त्याच्या कानीकपाळी ओरडत होतो. खांद्याची खीळ पोलादी घाल, प्लास्टिकची फाटेल. तो हसायचा. मास्तर, तुमचा जमाना लोखंडाचा, आता नवं प्लास्टिक आहे. शेवटी म्हटलं, नमुना नेझूकडे पाठव. त्याने पन्नास म्हटलं तर मी तोंड बंद करतो. साचे पक्के व्हायचे होते, अजून सगळं बदलता आलं असतं. मला तुझ्या तोंडून फक्त एवढंच हवं होतं, की मोडलं. आणि तू? पन्नास! भर बैठकीत तुझा व्हिडिओ लावला त्यांनी. सगळे माझ्याकडे बघताहेत. शब्द दिला होता, मी तोंड बंद केलं."

"मी तुमची लाज राखायला गेलो, मास्तर."

"माझी कीव करणारे घरात पुष्कळ आहेत. सकाळी डॉक्टर येतो, दुपारी ती मालीशवाली येते, सगळे कीवच करतात. मोजणारा एकच होता."

काकूंनी नेझूचे जोडे वळवून उंबऱ्याशी ठेवले, म्हणजे आता निघा.

मार्चमध्ये सुधारलेली त्सुबामे आली. खांद्यात पोलादी खीळ, अगदी मास्तरांनी सांगितली होती तशी. खोक्यावरचं त्यांचं नाव काढून टाकलेलं. त्या जागी काही नव्हतं, नुसता तांबडा रंग.

नेझूने या वेळी नमुना मागवला नाही, रांगेत उभा राहून दुकानातून आणला. डावी बाजू कॅमेऱ्याकडे ठेवली. पन्नास फेऱ्या, प्रत्येक फेरीत डावा खांदा, सावकाश. खीळ टक्क करून बसायची आणि हलायची नाही. मग तो बोलला, आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ. मे महिन्यात मी खोटं बोललो. खीळ एकोणिसाव्या फेरीला फाटत होती आणि मी ती लपवली. ही पोलादी खीळ हातोरी सेइगो यांनी पहिल्यापासून मागितली होती. दोष त्यांचा नव्हता. हे खेळणं त्यांचं आहे, त्यांचं नाव खोक्यावर परत आलं पाहिजे.

पहिली कॉमेंट दहा मिनिटांत आली. 'आज तरी नक्की पन्नास ना?' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. दुसऱ्याने लिहिलं, 'मास्तरांना वाचवायला चेला हजर.' तिसऱ्याने लिहिलं, 'तेव्हा खोटं बोललात, मग आज खरं कशावरून?' ज्या शब्दाने मास्तरांचं नाव वाचलं असतं, तो शब्द नेझूने आधीच खर्चून टाकला होता. कंपनीने उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तातेइशीला फोन लावला. काकूंनी उचलला.

"मास्तरांनी पाहिलं का?"

"पाहिलं की. शेवटपर्यंत."

"काही म्हणाले?"

"म्हणाले काही नाही," काकू म्हणाल्या. "उजव्या हाताच्या बोटांवर मोजत होते. प्रत्येक फेरी. मी म्हटलं, अहो, तो मोजतोय ना मोठ्याने? तर ऐकेनात. सगळ्या पन्नास स्वतःच मोजल्या."