महाराज, शेपूट राहिलं!

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये त्या दिवशी जाळीही नव्हती आणि फूलही नव्हतं, पण माणसं इतकी की एकाची कोपरं दुसऱ्याच्या बरगडीत. स्टेजवर एक पिळदार तरुण बिनबाह्यांचा बनियन घालून उभा होता. त्याच्या दंडावर पंख पसरलेला शाईचा गरुड. शेजारी पांढऱ्या सॅटिनमधले महाराज. हातात काचेची सुरई, खांद्यावर पांढरा रुमाल.

"शाई म्हणजे काय?" महाराजांनी माइकला विचारलं. माइकने ते चार वेळा घुमवून परत दिलं. "शाई म्हणजे आठवण! आठवण म्हणजे काय? बंधन! बंधन म्हणजे काय?"

"शाई!" पुढच्या रांगेतून कुणीतरी उत्साहाने ओरडलं. महाराजांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

सुरईतलं 'विस्मरणतीर्थ' रुमालावर पडलं, रुमाल दंडावर फिरला, आणि गरुडाचा एक पंख गायब झाला. दुसऱ्या फेरीत चोच गेली. तिसऱ्या फेरीत तरुणाचा दंड लख्ख, आणि रुमालावर काळा डाग. महाराजांनी तो रुमाल झेंड्यासारखा फडकावला. हॉलमध्ये असा गलका झाला की छतावरच्या पारव्यांनी जागा सोडली.

तिसऱ्या रांगेत वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. "बघितलंत, वन्सं? एक थेंब रक्त नाही! तुमच्या दवाखान्यात होतं का असं काही?"

"नाही होत," आत्या म्हणाली. तिची नजर गरुड होता त्या जागेवर खिळली होती.

आत्या कातडीची डॉक्टर. लोकांचे गजकर्ण, चामखिळी आणि खाजा बघता बघता तिचे केस पांढरे झाले होते. माणसाचा चेहरा तिच्या लक्षात राहत नसे, पण पाठीवरचा तीळ दाखवला की ती बरोबर नाव सांगे. त्यामुळे गरुड पुसायच्या आधी सगळा हॉल गरुडाकडे बघत होता, तेव्हा ती त्या तरुणाच्या दंडावरचे केस बघत होती. गरुडाबाहेरचे केस उभे, मोकळे. गरुडाखालचे मात्र चापून बसलेले, कागदाखाली दाबल्यासारखे. खरा टॅटू कातडीच्या आत असतो, केस त्याच्यातून वर येतात. इथे शाई वर होती आणि केस खाली. गरुड त्या दंडावर जन्मला नव्हता, नुसता येऊन बसला होता.

आत्या इथे चमत्कार बघायला आली नव्हती. ती भाचीसाठी आली होती.

भाची, म्हणजे वहिनींची मुलगी, पोहायला शिकवायची. तिच्या मनगटाच्या वरच्या बाजूला एक नाव होतं, काळ्या अक्षरांत, आणि त्याखाली लालभडक गुलाब. नाव ज्याचं होतं तो साखरपुडा मोडून केव्हाच निघून गेला होता. नाव बिचारं गुपचूप पडून होतं. त्रास सुरू केला तो गुलाबाने. तो हळूहळू फुगला. पाकळ्या कातडीतून वर आल्या, खडबडीत झाल्या, आणि इतक्या खाजायला लागल्या की पोरगी झोपेत ओरबाडून रक्त काढायची. तलावावर आया कुजबुजल्या, "हिला काहीतरी संसर्गाचं आहे, आमच्या मुलांना दुसऱ्याकडे घाला." तेव्हापासून ती लांब बाह्यांचा पोशाख घालून पाण्यात उतरायला लागली.

आत्याने भावाच्या घरी जाऊन तिचा हात भिंगाखाली धरला आणि सरळ सांगितलं, "तुझ्या शरीराला हा लाल रंग सोसत नाही. लाल रंगाचं असं पुष्कळदा होतं, कधी लगेच, कधी वर्षांनी. मलम देते, इंजेक्शन देते, खाज कमी होईल. पण रंग आत आहे तोवर ती पुन्हा येईल. गुलाब कापूनच काढावा लागेल."

"लेसर कर ना, आत्या! सगळे लेसरच करतात."

"अक्षरांना करू, गुलाबाला नाही. लेसर रंग खोडत नाही, त्याचा भुगा करतो. तो भुगा शरीर वाहून नेतं. ज्या रंगाशी तुझं वैर आहे, त्याचाच भुगा अंगभर फिरवायचा? सगळं अंग उठेल. कधीकधी श्वास कोंडण्यापर्यंत जातं."

"मग कापल्यावर डाग राहील?"

"राहील."

"आणि अक्षरं?"

"बऱ्याच वेळा यावं लागेल. मध्ये महिने जातील. शेवटी पुसटशी सावली राहू शकते."

भाचीने बाही खाली ओढली. वहिनी मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "डाग राहील, सावली राहील, महिने जातील! डॉक्टर आहात की पंचांग? आणि मला सांगा, नाव शांत आहे आणि गुलाबच का उठला? महाराज म्हणाले, त्या मेल्याने टाकलेल्या प्रेमाचं विष झालंय. ते उतरवलं की सगळं साफ. डाग नाही, सावली नाही!"

"वहिनी, प्रेमाचं विष फक्त लाल रंगातच कसं उतरलं? काळा रंग त्याला आवडत नव्हता का?"

आत्याचा भाऊ नेहमीप्रमाणे या वेळी गच्चीवर झाडांना पाणी घालत होता. पाऊस पडत असला तरी तो घालायचा.

भाची त्यावर हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "आत्या, तू म्हणतेस डाग राहील. ते म्हणतात राहणार नाही. तू माझ्या जागी असतीस तर कुणाकडे गेली असतीस?" खरं बोलणाऱ्याकडे विकायला फारसं काही नसतं, ही तिच्या धंद्यातली जुनी अडचण होती.

उत्तर मिळालं ते एका बेकरीवाल्याकडून. तो दवाखान्यात आला तो उजवा हात टॉवेलात गुंडाळून. टॉवेल सोडला आणि नर्सने तोंड फिरवलं. हातावर ड्रॅगन होता म्हणे. आता तिथे तळहाताएवढा खड्डा होता, कडा काळ्या, आतलं मांस साबणासारखं बुळबुळीत. खड्ड्याच्या टोकाशी ड्रॅगनचं शेपूट तेवढं शाबूत.

"भट्टीत भाजलं?" आत्याने विचारलं.

"भट्टीने आजवर कधी इतकं भाजलं नाही, बाई. महाराजांनी भाजलं. स्टेजवर तीर्थाने पुसतात, ते बघून गेलो. पण आपल्याला स्टेजवर नाही घेत. आत पडद्यामागे नेतात. तिथे तीर्थबीर्थ काही नाही, पांढरा लेप लावतात, पट्टी बांधतात आणि सांगतात, आग झाली तर समजा आठवण जळतेय. पट्टी सोडलीत तर शाप लागेल! मी दात खाऊन सोसलं. आठवण काही जळली नाही, हात जळला."

पट्टीला चिकटलेला लेप आत्याने तपासायला पाठवला. उत्तर आलं, कॉस्टिक सोडा आणि चुना. जुन्या खुर्च्यांचा रंग खरवडायला जे लावतात, ते.

आणि त्याच संध्याकाळी भाचीने फोनवर सांगितलं, की महाराजांकडे तिचा नंबर लागलाय. आत्याने बेकरीवाल्याच्या हाताचं सांगून पाहिलं, पण वहिनींनी फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, आधी स्वतः येऊन बघा, मग बोला.

म्हणून आत्या त्या गर्दीत बसली होती. दोन रांगा मागे, हाताला पट्टी आणि तोंडाला रुमाल बांधून, बेकरीवालाही बसला होता.

"आता या ताई!" महाराजांनी भाचीकडे बोट केलं. "यांच्या हातावर विषारी गुलाब फुललाय. यांना अंतर्गृहात नेऊन..."

"थांबा!" आत्या उठली. गुडघा कटकन वाजला, तरी ती थेट पायऱ्या चढून स्टेजवर गेली. "अंतर्गृह कशाला? इथेच पुसा ना. गरुड नाही का इथेच पुसलात?"

महाराज गोड हसले. "माते, प्रत्येक आठवण वेगळी. वरवरच्या आठवणी बाहेर पुसतात. खोलवरच्या आत."

"वा! हे मात्र अगदी खरं बोललात," आत्या म्हणाली.

स्टेजच्या कडेला पुढचा भक्त तयार उभा होता. त्याच्या मानेवर फणा काढलेला नाग. आत्याने पर्समधून स्पिरिटचा बोळा काढला आणि त्याला काही कळायच्या आत मानेवरून फिरवला. नागाचा फणा बोळ्यावर आला. भक्ताच्या मानेवर नुसतं शेपूट वळवळत राहिलं.

आत्याला वाटलं, संपलं. पण महाराज तिच्यापेक्षा मुरलेले होते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"बघा! बघा! आमच्या नुसत्या सान्निध्याने डॉक्टरांच्या हातूनही चमत्कार!"

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तर आत्यालाच वाकून नमस्कार केला. वहिनी उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या वन्सं आहेत त्या!"

आत्याने बोळा पर्समध्ये परत टाकला. पस्तीस वर्षं प्रॅक्टिस करून तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि वाजल्या त्या अशा!

"बरं," ती माइकजवळ तोंड नेत म्हणाली. "सान्निध्य आहेच, तर आणखी एक पुसू. या हो, बेकरीवाले."

बेकरीवाला वर आला. तोंडावरचा रुमाल काढून त्याने डाव्या हाताची बाही वर केली. तिथे जहाजाचा निळा नांगर होता, सुईने कोरलेला, त्याच्या तरुणपणाइतका जुना. "पुसा, महाराज."

महाराजांनी तीर्थ ओतलं. रुमाल फिरवला. पुन्हा ओतलं. जोर लावून घासलं. नांगराभोवतीची कातडी लालबुंद झाली. नांगर होता तिथेच. सुरई अर्धी झाली, महाराजांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, आणि हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

"याची श्रद्धा कमी पडते!" महाराज गरजले.

"श्रद्धा कमी?" बेकरीवाल्याने उजव्या हाताची पट्टी सोडायला घेतली. "श्रद्धा कमी असती तर ही पट्टी मी पहिल्याच रात्री फाडून फेकली असती. तुमच्या शब्दाखातर कातडी जाऊ दिली मी." पट्टी खाली पडली. त्याने हात आधी महाराजांच्या नाकासमोर धरला, मग हॉलकडे वळवला. "आणि एवढं होऊनही, महाराज, शेपूट राहिलं!"

समोरच्या बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले. मग मागून एका मुलीचा बारीक आवाज आला, "माझ्याही पायाला असंच झालंय." आणि डावीकडून एक पुरुष, "माझ्या भावाच्या छातीला. तो घराबाहेर पडत नाही."

भाची स्टेजच्या पहिल्या पायरीवर उभी होती. तिने त्या हाताकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि पाय मागे घेतला.

आत्याने माइक काढून हातात घेतला. आवाज घुमवणारं बटण बंद केलं. "गरुड आणि नाग स्टिकरचे होते. पोरं खेळतात तसले, जरा महागडे. पाण्याने जात नाहीत, स्पिरिटने जातात. त्या सुरईत स्पिरिट आणि अत्तर आहे, वास घेऊन बघा. स्टिकर कातडीच्या वर असतो, टॅटू कातडीच्या आत. आतली शाई बाहेरून पुसणारं तीर्थ अजून निघालेलं नाही. म्हणून पडद्यामागे हे लोक कातडीच जाळून टाकतात. खुर्चीचा रंग काढायचा लेप आहे तो. खुर्चीला पुन्हा रंग देता येतो. तुम्हाला नाही."

महाराजांना अचानक समाधी लागली. समाधी इतकी गाढ, की ते डोळे मिटूनच मागच्या दाराने गेले आणि बाहेर उभ्या गाडीत न ठेचकाळता बसले. पण नागवाला भक्त लोकांच्या हाती लागला. त्याने पोलिसांपुढे सगळं सांगितलं. महाराज आधी फर्निचरच्या पॉलिशचं काम करायचे. चार दिवसांत तेही सापडले, दुसऱ्या गावात, नव्या नावाने आणि त्याच सुरईसह.

सगळ्यांना पटलं असं मुळीच नाही. काही जण अजून सांगतात, की त्या दिवशी डॉक्टरणीची दृष्ट लागली म्हणून तीर्थ निकामी झालं.

भाचीचा गुलाब आत्याच्या ओळखीच्या सर्जनने कापून काढला. टाके पडले, आणि तिथे बोटभर लांब गुळगुळीत पांढरी रेघ राहिली. खाज मात्र गेली. अक्षरांना लेसर सुरू झालं. प्रत्येक वेळी तापलेल्या तेलाचा शिंतोडा उडाल्यासारखं चटकायचं, फोड यायचे, सुकायचे, मग थांबायचं. वर्षभराने अक्षरं वाचता येईनाशी झाली, पण उजेडात हात तिरका धरला की फिकट सावली दिसायची. ठरल्याप्रमाणेच. आत्याने जेवढं सांगितलं होतं तेवढंच झालं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. भाची आखूड बाह्यांनी पाण्यात उतरायला लागली.

बेकरीवाल्याच्या हातावर मांडीची कातडी लावली. दोन बोटं नीट वळत नाहीत. कणीक आता त्याची बायको मळते, आणि मळताना रोज महाराजांचा उद्धार करते.

सर्वात मोठा फरक पडला तो वहिनींत. भाचीबरोबर दर खेपेला दवाखान्यात येऊन येऊन त्यांनी बाहेरच्या बाकाचा ताबाच घेतला होता. एक दिवस एक आई आपल्या कॉलेजातल्या मुलाला घेऊन बसली होती आणि हळूच शेजारणीला सांगत होती, की कुठल्याशा मठात मंत्राने टॅटू घालवतात, एका बैठकीत, डागसुद्धा राहत नाही.

वहिनी सरकून तिच्या जवळ बसल्या.

"अहो, मीही तेच म्हणत होते. स्वतःच्या पोरीचा हात धरून मीच नेलं होतं तिला. आमच्या वन्सं म्हणाल्या डाग राहील, म्हणून त्यांचाच राग आला मला. डाग राहणार नाही म्हणणाऱ्याला मी साधं विचारलंही नाही, की कसा राहणार नाही, बाबा? ज्यांचं पुसलंस त्यांना सहा महिन्यांनी दाखव. त्या पडद्यामागे काय करतोस ते इथे उजेडात कर. तीन प्रश्न, आणि मला एकही विचारावासा वाटला नाही. आणि एरवी मी भाजीवाल्याला वांगं उलटंसुलटं करून दाखवायला लावते हो!"

त्या बाई कसनुशा हसल्या. "पण विचारलं तर देवमाणूस रागावणार नाही का?"

"रागावला," वहिनी म्हणाल्या, "तर तिथून उठायचं, आणि पोराला घेऊन घरी यायचं."